दागिने घासायचे नसतात गं

अगं, काल फोनवर तू घाईघाईत विचारलंस, "ताई, टूथपेस्टने चांदी लख्ख निघते ना? मंगळसूत्रही त्यातच घासून टाकू का?" तेव्हा मी "थांब, काही घासू नकोस" एवढंच म्हणू शकले. आता निवांत सांगते. लग्नाला वर्ष होत आलं, अंगावरचं रोज वापरून मळलंय, दिवाळी तोंडावर आलीय आणि भाऊबिजेला सगळं घालून यायचंय, हे मला कळतंय. पण तुझ्याकडे आईची बोरमाळ आहे, सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या आहेत, मोत्यांची नथ आहे, पैंजण-जोडवी आहेत आणि हौसेने घेतलेले एक ग्रॅमचे सेटही आहेत. या सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

आपल्या घरात, नात्यात मी जे जे खराब झालेले दागिने पाहिले, त्यातले बहुतेक मळाने खराब झाले नव्हते, साफ करताना झाले होते. मळ आज ना उद्या निघतो. घासून गेलेलं सोनं, विरघळलेला मोत्याचा पापुद्रा, वितळून बाहेर आलेली लाख परत येत नाही. म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की कर: घरी आपण फक्त मळ काढायचा. दागिना उजळायचा असेल तर ते सोनाराचं काम.

टूथपेस्टमध्ये दातांवरचा थर खरवडायला कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक पूड घातलेली असते. दाताचं वरचं कवच कठीण असतं, त्याला ते सोसतं. सोनं आणि चांदी मात्र मऊ धातू आहेत. त्यांच्यावर या पुडीचे इतके बारीक ओरखडे उठतात की पहिल्या खेपेला ते दिसतही नाहीत, उलट दागिना चमकल्यासारखा वाटतो. चार-सहा वेळा असंच केलं की वरची नक्षी बोथट होते आणि पाटलीची झळाळी जाऊन ती कायमची धुरकट दिसायला लागते. रांगोळी, राख, भांड्यांची पावडर, तारेची घासणी, हे सगळं तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठेव. दागिन्यांजवळ ते नकोच.

आता सोन्याचं बघू. आपले दागिने बहुधा २२ कॅरेटचे, म्हणजे त्यात ९१.६ टक्के सोनं. ९१६ चा शिक्का असतो तो याचाच. उरलेल्यात तांबं, चांदी वगैरे मिसळलेलं असतं, कारण नुसतं शुद्ध सोनं फार मऊ, रोजच्या वापरात ते टिकायचं नाही. शुद्ध सोन्याला घामाने, हवेने काही होत नाही. जुनं सोनं कधी कधी लालसर, काळपट दिसतं ते त्यातल्या तांब्या-चांदीमुळे. पण रोजच्या मंगळसूत्राचा मळकटपणा त्याहून साधा असतो. वाट्या उलट्या करून खिडकीच्या उजेडात धर. आत पांढरट करडा थर दिसेल, तो साबण आणि पावडरीचा. कडेने लालसर रेघ दिसेल, ती कुंकवाची. आणि वरची कडी जिथे वाटीला जोडलेली असते त्या सांध्यात काळा, चिकट मळ बसलेला असेल, तो तेल, घाम आणि धुळीचा. यातलं काहीही घासून काढावं लागत नाही. भिजलं की सुटतं.

एक खोलगट वाडगा घे. त्यात हाताला सोसेल एवढं कोमट पाणी आणि भांडी धुवायच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब घाल. दागिना पंधरा-वीस मिनिटं त्यात राहू दे. मग लहान बाळाचा मऊ ब्रश घेऊन सांध्यांत, नक्षीत अलगद फिरव. दाब द्यायचा नाही, ब्रशचे केस आत पोचले म्हणजे झालं. नंतर दुसऱ्या वाडग्यात साधं पाणी घेऊन दोनदा खळबळून काढ. साबण राहिला तर त्यावरच पुन्हा धूळ बसते आणि कातडीलाही खाज येते. शेवटी जुन्या मलमलच्या कापडाने टिपून घे आणि पंख्याखाली पूर्ण वाळू दे. हे सगळं वाडग्यातच करायचं, बेसिनच्या नळाखाली कधीही नाही. कानातल्याची फिरकी जाळीतून खाली गेली की प्लंबरला बोलवावं लागतं आणि तरी ती सापडेलच असं नाही.

लिक्विड नको असेल तर रिठे वापर. आपल्याकडचे सोनार पूर्वीपासून रिठ्याच्या पाण्यातच दागिने धुतात. चार-पाच रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यायचं. फेस येतो तो रिठ्यातल्या सॅपोनिनचा आणि त्यात घासणारं काही नसतं. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, फार झोंबतं.

मात्र पाण्यात घालण्याआधी दागिना कशात ओवला आहे ते बघ. तुझं रोजचं मंगळसूत्र सोन्याच्या तारेत आहे, ते भिजलं तरी चालेल. सणाचं मोठं मंगळसूत्र रेशमी पोतीत ओवलेलं आहे, ते भिजवू नकोस. दोरा ओला झाला की फुगतो, आत मळ ओढून घेतो आणि कुजत जातो. एक दिवस बसच्या गर्दीत पोत तुटते आणि काळे मणी पायाशी विखुरतात. त्याच्या फक्त वाट्या आणि सोन्याचे मणी ओलसर कापडाने पूस आणि दोरा सैल किंवा मळका दिसायला लागला की गाठवून घे. त्याचा खर्च सोन्यापुढे काहीच नाही. ठुशीच्या मागच्या गोंड्याचंही तेच, तो ओला करायचा नाही.

आता आईच्या बोरमाळेकडे ये. हिच्यासाठी तर मी हे सगळं लिहायला बसले. बोरमाळेचा मणी भरीव सोन्याचा नसतो. सोन्याच्या पातळ पत्र्याचं पोकळ बोर करून त्यात लाख भरलेली असते. म्हणून तर एवढी भरदार माळ आपल्या आजीला परवडली. मणी उजेडात धरून त्याच्या भोकात डोकावलीस तर आत तपकिरी काळपट काहीतरी दिसेल, ती लाख. कोल्हापुरी साजातही लाख असते, जुन्या घडणीच्या कितीतरी पोकळ दागिन्यांत असते. लाख गरम पाण्यात मऊ होते. अशी माळ कुणी "जरा गरम पाण्यात टाकून काढते" म्हणत उकळत्या पाण्यात सोडली, की लाख भोकातून पाझरते, दोऱ्याला चिकटते, आणि आतला आधार गेलेला पत्रा नुसत्या चिमटीनेही चेपतो. मण्याला पोचा आला की तो काढणं फार कठीण.

तेव्हा बोरमाळ बुडवायची नाही. मलमलचा तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा आणि एकेक मणी बोटांत धरून पुसायचा. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने. उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर फिरवायचा नाही. वेळ लागतो, पण वर्षातून एकदाच करायचं आहे. कानाशी धरून हलकेच हलव. आत काही खुळखुळलं तर लाख सुटली आहे असं समज आणि घालण्याआधी सोनाराला दाखव. आणखी एक व्यवहाराचं सांगते. लाखेच्या दागिन्याचं एकूण वजन आणि नुसत्या सोन्याचं वजन वेगवेगळं असतं. अशी वस्तू घेताना, मोडताना, वाटणीत देताना नेहमी नुसत्या सोन्याचं वजन लिहून घे.

खड्यांच्या दागिन्यांत कोंदण बघायचं. मागून उघडं असेल, म्हणजे हिऱ्याची पाठ दिसत असेल, तर साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने मागच्या बाजूने साफ कर. हिऱ्याला तेलकटपणा फार पटकन धरतो. तेल मागे बसलं की उजेड अडतो आणि कुड्या मंद दिसतात. धुतल्यावर फरक बघशील. कोंदण मागून बंद असेल, कुंदनाचं काम असेल, तर पाण्याचा थेंबही नको. खड्यामागे चकाकणारा पातळ वर्ख असतो. पाणी आत शिरलं की तो काळवंडतो आणि खडा निस्तेज पडतो. पाचूही भिजवायचा नाही. बहुतेक पाचूंच्या बारीक भेगा तेल मुरवून झाकलेल्या असतात, साबणाच्या पाण्याने ते तेल निघून जातं. काही दुकानांत कंपनांनी साफ करणारं अल्ट्रासॉनिक मशीन असतं, त्यातही पाचू, मोती, पोवळी घालू द्यायची नाहीत.

नथीला लिंबू, व्हिनेगर, चिंच यांचा वासही लागू देऊ नकोस. मोती हा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्याच घराण्यातला. आंबट लागलं की वरचा पापुद्रा विरघळतो आणि मोत्याचं पाणी जातं. घामातल्या आम्लानेसुद्धा हळूहळू हेच होतं. म्हणून नथ, तन्मणी, मोत्यांच्या कुड्या असं सगळं सर्वांत शेवटी घालायचं आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवायचं. अत्तर, केसांचा स्प्रे, पावडर आधी. ते वाळलं की मगच मोती. उतरवल्यावर किंचित ओलसर मऊ कापडाने पुसायचे आणि मोकळ्या हवेत थोडा वेळ पसरून ठेवायचे. एवढं केलंस तर वेगळं साफ करायची वेळ येत नाही. मोत्यांचे सर खुंटीला टांगून ठेवू नकोस, दोरा ताणला जातो. आडवे ठेव.

आता चांदी. पैंजण काळे पडले की बायकांचे तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं चांदी खोटी आहे, कुणी म्हणतं अंगात उष्णता वाढली, कुणी दृष्टीवर जातं. तुझ्या मनातून हे काढून टाक. हवेत गंधकाचे वायू थोड्या प्रमाणात असतातच. त्यांच्याशी चांदीचा संयोग झाला की वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. खरी चांदीच अशी काळी पडते. ९२५ चा शिक्का असलेल्या चांदीत साडेसात टक्के बहुधा तांबं असतं, त्यामुळे ती आणखी लवकर काळवंडते. अंडी, कांदा, लसूण, लोकर, रबर या सगळ्यांत गंधक असतं. पैंजणांच्या जोडीला रबरबँड लावून ठेवलंस तर काही महिन्यांनी रबर होतं तिथे नेमकी काळी रेघ उठलेली दिसेल. दमट हवेत हे आणखी झपाट्याने होतं. तुझ्या ठाण्याच्या घरात माझ्या इथल्यापेक्षा चांदी लवकर काळी पडते, त्यात तुझ्या अंगाचा काही दोष नाही.

हा काळा थर घासून काढलास तर त्याच्याबरोबर चांदीही जाते, कारण त्या थरात चांदीच असते. त्यापेक्षा फॉइलची रीत वापर. यात चांदी दागिन्यावरच राहते. काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा घे, त्यात आतून ॲल्युमिनियम फॉइल लाव. खायचा सोडा एक मोठा चमचा आणि थोडं मीठ घाल. वरून उकळतं पाणी ओत. फेस येईल, घाबरू नकोस, फक्त हात लांब ठेव. मग पैंजण चमच्याने अशा रीतीने सोड की ते फॉइलला टेकलेले राहतील. टेकणं महत्त्वाचं आहे, नुसते पाण्यात लोंबकळून काही होत नाही. एक-दोन मिनिटांत कुजक्या अंड्यांसारखा वास येईल. तो गंधकाचा, म्हणजे काम होतंय. चांदीला धरून बसलेलं गंधक सुटतं आणि ॲल्युमिनियम त्याच्या बदल्यात स्वतः झिजतं. फॉइल काळपट, निस्तेज होत जाईल आणि इकडे जोडव्यांची मासोळी खवल्याखवल्याने पांढरी होताना दिसेल. मला हे बघायला अजूनही आवडतं. खिडकी उघडी ठेव, पाच-दहा मिनिटांत चिमट्याने बाहेर काढ, साध्या पाण्यात नीट खळबळ. थर फारच जाड असेल तर ताजं पाणी करून पुन्हा एकदा.

पैंजणांना घुंगरू असतील तर त्यांच्या पोटात पाणी राहतं. फडक्यात गुंडाळून चांगलं झटक आणि रात्रभर पंख्याखाली ठेव. ओलं ठेवलंस तर डाग पडतील. आपल्याकडे बाजारात येणारे पैंजण बरेचसे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचे. त्या गावात घरोघरी चांदीचं काम चालतं. तिथेही भारी चांदीचे आणि हलक्या चांदीचे, असे दोन्ही प्रकार घडतात. साफ केल्यावर कुठे तांबूस डाग दिसला तर चांदीचं प्रमाण कमी आहे किंवा वरचा मुलामा गेला आहे, असं धर. सोनाराकडे चांदीचं पाणी देऊन मिळतं. घरी घासत बसलीस तर तांबं आणखी उघडं पडेल.

ही रीत सगळ्या चांदीला चालत नाही. नक्षीच्या खोलगट भागांत मुद्दाम काळा रंग ठेवलेली, ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणारी चांदी यात घातलीस तर कारागिराने गंधक वापरूनच चढवलेला तो काळा रंग धुऊन निघेल आणि नक्षी सपाट, बोडकी दिसेल. ती नुसती कोरड्या मऊ कापडाने पूस. मीनाकाम, मोती, खडे, डिंकाने चिकटवलेलं काही, यांनाही ही रीत नको. आणि रस्त्यावर मिळणाऱ्या काळ्या झुमक्यांत बहुधा चांदी नसतेच, जर्मन सिल्व्हर किंवा असाच मिश्रधातू असतो. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. कानाची पाळी लाल होऊन खाजत असेल तर त्या निकेलचा त्रास आहे. लगेच काढ, पुन्हा घालू नकोस, आणि पुरळ गेला नाही तर कातडीच्या डॉक्टरांना दाखव.

एक ग्रॅमच्या सेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तांब्या-पितळेवर सोन्याचा अगदी विरळ मुलामा असतो. पाणी, साबण, लिंबू, फॉइल, काहीही नको. उतरवल्याबरोबर कोरड्या सुती कापडाने घाम टिपायचा आणि सेट हवाबंद पिशवीत टाकायचा. हिरवा कळंक धरला की त्याचं आयुष्य संपलं.

साफ करण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते अंगावर असतानाचं जपणं. फरशीला ब्लीच लावताना, कपड्यांचे डाग काढताना, पोहायला जाताना अंगठी आणि बांगड्या काढून ठेव. क्लोरीन सोन्यातल्या तांब्या-चांदीवर हल्ला करतं आणि डाग देऊन जोडलेले सांधे ठिसूळ करतं. कणीक मळताना खड्याची अंगठी काढ, नाहीतर पीठ कोंदणात वाळून बसतं आणि निघता निघत नाही.

आणि पाऱ्यापासून फार सांभाळ. घरात जुना काचेचा थर्मामीटर फुटला तर पारा बोटांतल्या सोन्याला लागता कामा नये. पारा सोन्यात मुरतो आणि सोनं जागच्या जागी पांढरं, ठिसूळ होतं. एखादं गोरं करणारं क्रीम लावल्यावर अंगठीवर असा पांढरा डाग उठला तर आधी ते क्रीम फेकून दे. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणं आहेत, तो कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. मग डॉक्टरांकडे जा, आणि अंगठी तशीच सोनाराला दाखव. गॅसवर तापवून पारा उडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, ती वाफ विषारी असते.

ठेवायचं कसं, हे विचारलंस तर मी एवढंच म्हणेन की प्रत्येक दागिन्याला वेगळी जागा दे. हिरा सगळ्यांना ओरखडतो, सोनं चांदीला घासतं, मोत्याला तर कुणीही ओरबाडतं. एका डब्यात सगळं खच्चून भरलं की डबा दर वेळी हलला तरी झीज होते. जुन्या, खूप धुतलेल्या मलमलचे किंवा सुती साडीचे तुकडे कर. नव्या कापडाला खळ असते, ते नको. त्यात एकेक दागिना गुंडाळून छोट्या झिपच्या पिशवीत घाल, हवा दाबून काढ आणि बंद कर. चांदीला याचा फार फायदा होतो, गंधकाची हवाच पोचत नाही. साखळीचा आकडा लावूनच ठेव आणि बारीक साखळीचं एक टोक सरबताच्या नळीतून ओवून मग आकडा लाव, गुंता होणार नाही. सराफाचा गुलाबी कागद घरी आल्यावर काढून टाक, ओल लागली की त्याचा रंग उतरतो. कापसातही नको, त्याचे तंतू खड्यांच्या नख्यांत अडकतात आणि कापूस ओल धरून ठेवतो. वर्तमानपत्र, रबरबँड, लोकरीची शाल आणि डांबरगोळ्या यांच्या शेजारी काहीच ठेवू नकोस.

पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. नव्या पर्समध्ये, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या जपून ठेव. त्या नसतील तर खडूचे तुकडे चालतील, तेही ओल शोषतात. मोत्यांना मात्र यातून वगळ. मोत्यांना हवेतला थोडा ओलावा लागतो. सिलिका जेलशेजारी, हवाबंद पिशवीत, वर्षानुवर्षं बंद लॉकरमध्ये राहिले की ते कोरडे पडतात, कधी तडकतातही. नथ मऊ कापडाच्या पुरचुंडीत ठेव आणि अधूनमधून घाल. हळदीकुंकू आहे, मंगळागौर आहे, निमित्तांना तोटा नाही. चांदीही वापरात राहिली तर कपड्याला, अंगाला घासून कमी काळी पडते.

आता सोनाराकडून उजळून घेण्याबद्दल. दर दिवाळीला उजळायला देऊ नकोस. पॉलिश म्हणजे वरचा अगदी पातळ थर काढणं, दर खेपेला थोडी घट येतेच. घरचं एखादं मोठं कार्य असेल तेव्हा दे. देताना तुझ्यासमोर वजन करून पावतीवर लिहून घे, आणल्यावर पुन्हा वजन कर. पॉलिश करताना हॉलमार्कचे शिक्के पुसले जाऊ नयेत, हेही सांगून ठेव. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असावा लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकलास की दागिन्याची शुद्धता कळते. त्यामुळे तो क्रमांक दागिन्यावर वाचता येणं तुझ्याच हिताचं आहे. त्याच वेळी कड्या, आकडे, फिरक्या तपासून घे. मंगळसूत्राच्या कडीची तार सतत एकाच जागी घासून पातळ होते. ती तुटायच्या आधी बदलायची असते.

आणि दुपारी दाराशी येऊन "ताई, दागिने पॉलिश करून देतो, आधी तुमची समई फुकट चमकवून दाखवतो" म्हणणाऱ्याला दार उघडायचं नाही. समई खरंच चमकते, म्हणून विश्वास बसतो. मग बांगड्या एका द्रावणात बुडवतात. त्यात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण असलं तर सोनं सरळ त्यात विरघळतं. बांगड्या परत मिळतात, चकचकीतही असतात, फक्त हलक्या झालेल्या असतात आणि द्रावण त्या माणसाबरोबर निघून गेलेलं असतं. कधी हळदीच्या पाण्यात ठेवल्याचं सांगून डबाच बदलतात. सासूबाई दुपारी एकट्या असतात, त्यांनाही हे नीट समजावून सांग. कुणी दारातून हटेना झालं तर ११२ ला फोन करायचा.

लॉकरमध्ये ठेवलं की आपली जबाबदारी संपली असंही समजू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट एवढीच असते. भाडं ३,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत साधारणपणे तेवढंही नाही. आत काय ठेवलं आहे याची नोंद बँकेकडे नसते, ती आपल्याकडेच असायला हवी.

तेव्हा या रविवारी दागिने धुऊन वाळत घातलेस की तेवढ्या वेळात एक वही कर. प्रत्येक दागिन्याचा पुढून-मागून फोटो काढ. त्याखाली एकूण वजन, नुसत्या सोन्याचं वजन, एचयूआयडी, कुठून घेतला आणि कुणी दिला ते लिही. बिलांच्या झेरॉक्स त्याच वहीत लाव, कारण सराफाच्या बिलाची शाई पुसट होत जाते. आईकडच्या वस्तूंची वजनं माझ्याकडे लिहिलेली आहेत, ती मी तुला पाठवते. सासूबाईंच्या पाटल्यांचं त्यांनाच विचार, त्यांना आवडेल सांगायला. आणि ती वही कपाटात नक्की कुठे ठेवली आहेस, हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेव.